शेवटचा फवारा आणि पुढचा तोडा

भेंडीचा तोडा एक दिवसाआड होतो. एक तोडा चुकला की शेंगा निबर होतात, आणि निबर शेंगेस बाजारात कोणी विचारीत नाही. अशा पिकावर ऐन भरात अळी पडली म्हणजे शेतकऱ्याची मोठी कोंडी होते. फवारा मारला नाही तर माल किडका निघतो. मारला तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस थांबावे लागते, आणि तितक्या दिवसांत दोन-तीन तोडे हातचे जातात. मग पुष्कळ ठिकाणी होते ते असे की, संध्याकाळी फवारा होतो आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्याच शेंगा तोडून, क्रेट भरून, गाडीवर चढतात. त्याच शेताच्या कडेस, पाटाजवळ, घरापुरत्या दोन ओळी राखलेल्या असतात व त्यांच्यावर औषध पडलेले नसते.

ही गोष्ट कोणास दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. औषधाचा वास ज्याच्या कपड्यांस लागलेला आहे, त्यास आपल्या मुलांच्या ताटात काय पडावे हे इतरांपेक्षा अधिक कळते, एवढेच त्यावरून दिसते. परंतु बाजारात गेलेली भेंडीही कोणाच्या तरी मुलांच्या ताटातच पडते. शिवाय वांगी, मिरची, कोथिंबीर आपण स्वतः आठवडे बाजारातून आणतो, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या तरी शेतातील संध्याकाळचा फवारा आपल्या घरी येत असतो. यास्तव हा प्रश्न पिकविणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा, असा दोन्ही बाजूंनी पाहणे इष्ट आहे.

मालावर औषध उरते कसे

फवारलेल्या औषधाचा जो भाग काढणीच्या वेळीही फळावर, पानावर किंवा त्यांच्या आत शिल्लक असतो, त्यास उर्वरित अंश म्हणतात. द्राक्ष बागाईतदारांच्या तोंडी तो ‘रेसिड्यू’ या नावाने रुळला आहे. काही औषधे स्पर्शजन्य असतात. ती पृष्ठभागावर राहतात, आणि ऊन, वारा व पाऊस यांनी त्यांचा बराच भाग नाहीसा होतो. दुसरी आंतरप्रवाही असतात. ती पानांतून किंवा मुळांतून रसात शिरून झाडभर पसरतात. अशा औषधाचा फळात उतरलेला अंश कितीही धुतला तरी निघत नाही. तो झाडाच्या आतच हळूहळू मोडावा लागतो आणि त्यास दिवसच लागतात.

समजा, एखाद्या औषधाचा अंश दर दोन दिवसांनी निम्मा होतो. तर फवाऱ्यानंतर दुसऱ्या सकाळी तोडलेल्या फळात तो बहुतेक सगळाच असतो, चौथ्या दिवशी चौथा हिस्सा उरतो आणि आठव्या दिवशी सोळावा हिस्सा. औषध तेच, मात्रा तीच आणि शेतही तेच. मधल्या दिवसांनी एवढा फरक पडतो. म्हणूनच औषधाच्या नोंदणीच्या वेळी प्रत्येक पिकासाठी शेवटचा फवारा व काढणी यांमधील किमान दिवस ठरवून दिलेले असतात. यासच काढणीपूर्व प्रतीक्षा काळ किंवा नुसते ‘पीएचआय’ म्हणतात.

हे दिवस औषधागणिक बदलतातच, पण एकाच औषधाचे दिवस पिकागणिकही बदलतात, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के हे अळीचे औषध आता गावोगाव पोहोचले आहे. टोमॅटोवर व कोबीवर त्याचा प्रतीक्षा काळ ३ दिवसांचा आहे, भेंडीवर ५ दिवसांचा, आणि वांग्यावर मात्र २२ दिवसांचा. ज्याने टोमॅटोवर मारून चौथ्या दिवशी खुशाल तोडा केला, तो त्याच अनुभवाने वांग्यावर मारून चौथ्या दिवशी तोडा करील, तर नियमापेक्षा अठरा दिवस आधी माल बाजारात जाईल. वांग्याचा तोडा सुरू झाल्यावर हे औषध व्यवहारात वापरण्याजोगे राहतच नाही. वापरावयाचे तर फळधारणेपूर्वी वापरावे. उलट इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के याचा काळ वांग्यावर ३ दिवस व भेंडीवर ५ दिवस आहे. येथे दिलेले आकडे उदाहरणादाखल आहेत. फवारणीच्या दिवशी हातात जो डबा असेल त्यासोबतचे पत्रक वाचावे व त्यातील आपल्या पिकाच्या नावापुढील आकडा पाहावा. आपल्या पिकाचे नाव पत्रकात नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नोंदलेलेच नाही, असे समजावे.

ही शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण देशभरातील तपासणीचे आकडे वेगळेच सांगतात. केंद्र शासनाच्या योजनेत २०१४–१५ साली भाजीपाला, फळे, दूध, धान्य इत्यादींचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकी १८.७ टक्के नमुन्यांत औषधांचे अंश सापडले. ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक अंश असलेले नमुने २.६ टक्के होते. मात्र १२.५ टक्के नमुन्यांत त्या पिकासाठी मान्यताच नसलेल्या औषधांचे अंश होते. म्हणजे मात्रा चुकण्यापेक्षा औषधाची निवडच चुकण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. याचे कारण शोधण्यास लांब जावे लागत नाही. शेतकरी किडलेले फळ हातात घेऊन कृषी सेवा केंद्रात जातो आणि दुकानात जे शिल्लक असेल ते घेऊन येतो. कित्येकदा एकाच पंपात दोन औषधे आणि वर एक ‘टॉनिक’ पडते. ज्या बाटलीवर नोंदणी क्रमांक नाही व घटकांची नावे नाहीत, ती बाटली सेंद्रिय म्हणून दिली तरी घेऊ नये. तिच्यात काय आहे हे देणाऱ्यासही ठाऊक नसते.

मर्यादा म्हणजे काय, याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. अंश दर किलोस मिलिग्रॅममध्ये मोजतात. दर किलोस १ मिलिग्रॅम म्हणजे १० क्विंटल मालात १ ग्रॅम. युरोपीय संघाने ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा दिलेली नाही, तेथे ०.०१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे १,००० क्विंटल मालात १ ग्रॅम. मर्यादेच्या किंचित वर गेलेले फळ खाल्ले की माणूस आजारी पडतो, असा याचा अर्थ नव्हे. औषध योग्य रीतीने वापरले असता अंश किती उरावा, यावरून ही मर्यादा बांधलेली असते, आणि माणसास अपाय होण्याची पातळी तिच्या बरीच वर असते. पण मर्यादा ओलांडली गेली याचा अर्थ शेतात काहीतरी चुकले, एवढे खास.

द्राक्ष बागांनी घेतलेला धडा

नियम कागदावर असणे व शेतात पाळला जाणे यांतील अंतर कसे तुटते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००३ मध्ये महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत मेथोमिल व इतर काही औषधांचे अंश मर्यादेहून अधिक आढळले. माल अडला आणि नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांचे वर्षाचे कष्ट परक्या बंदरात पडून राहिले. त्यानंतर अपेडाने द्राक्षांसाठी अंश तपासणीची योजना सुरू केली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे संदर्भ प्रयोगशाळेचे काम सोपविण्यात आले. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, काढणीपूर्वी बागेतून नमुना आणि तो उत्तीर्ण झाला तरच माल बाहेर, अशी घडी बसली. २००६ पासून प्रत्येक खोक्यावरून त्यातील द्राक्षे कोणत्या बागेची हे सांगता येऊ लागले. हवामान, भुरी-केवडा आणि बागाईतदार तेच राहिले, पण वहीत लिहावयाचे आहे व नमुना जावयाचा आहे, या जाणिवेने हाताला वळण लागले.

तरीही २०१० साली पुन्हा फटका बसला, आणि तो अधिक शिकविणारा होता. वेलीच्या फुटींची वाढ आवरण्यासाठी बागाईतदार क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्यास ते सीसीसी म्हणतात, वर्षानुवर्षे वापरीत होते. कीटकनाशक नाही, बुरशीनाशक नाही, फळ धरण्याच्या कितीतरी आधी मारलेले. त्याचा अंश फळात उतरेल अशी कोणासही शंका नव्हती, आणि तपासणीच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. युरोपात मात्र ते तपासले गेले व द्राक्षांत सापडले. त्या हंगामात निर्यातदार व बागाईतदार दोघांचेही अतोनात नुकसान झाले. पुढे ते यादीत आले. यावरून असे दिसते की, केवळ शेवटच्या फवाऱ्याकडे लक्ष देणे नेहमीच पुरे पडत नाही. झाडास जे जे दिले त्याची नोंद ठेवली तरच चूक कोठे झाली हे सापडते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. द्राक्षाच्या बागाईतदारास थांबण्याचा मोबदला मिळतो, भेंडीवाल्यास मिळत नाही. बाजार समितीत लिलावाच्या वेळी मालाचा रंग, आकार आणि टवटवी पाहतात. त्यात औषध किती आहे हे कोणी पाहत नाही व तेथल्या तेथे पाहताही येत नाही. पाच दिवस थांबलेल्या भेंडीस व काल फवारलेल्या भेंडीस एकच भाव लागतो, किंबहुना कालची फवारलेली अधिक तजेलदार दिसते. अशा स्थितीत गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यापुढे नुसता उपदेश करणे अन्यायाचे आहे. त्याने थांबण्याचा तोटा कमी कसा होईल हे दाखविले पाहिजे.

तोडा आणि फवारा यांचा मेळ

भेंडीचेच उदाहरण घेऊ. पेरणीपासून पहिल्या तोड्यापर्यंत सुमारे दीड महिना मिळतो. तुडतुडे, पांढरी माशी यांचा बंदोबस्त करण्यासाठी जी तीव्र किंवा आंतरप्रवाही औषधे वापरावयाची, ती या दीड महिन्यात संपवावी. फुले लागल्यावर ती कपाटात ठेवावीत. तोडे चालू झाल्यानंतर अळीसाठी फवारणे अगदी भागच पडले, तर तोड्याच्या आदल्या संध्याकाळी न फवारता तोडा झाल्याबरोबर फवारावे. त्या तोड्यात लहान-मोठी म्हणून निवड न करता झाडावरील झाडून साऱ्या शेंगा उतरून घ्याव्यात. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत भेंडीची शेंग तोडणीस येते. सबब पाच दिवसांनंतर जी शेंग हाती येईल ती फवाऱ्याच्या वेळी कळी किंवा फूल असते, आणि मध्ये वाया जातो तो माल थोडा असतो. या मधल्या दिवसांत ज्या शेंगा वाढतील त्या काढून पुरून टाकाव्यात. जनावरांस घालू नयेत, कारण काही औषधांचे अंश दुधातही उतरतात.

शेत मोठे असेल तर दोन-तीन तुकड्यांत आठ-दहा दिवसांच्या अंतराने पेरणी करावी. एका तुकड्यास थांबविले तरी दुसऱ्याचा माल बाजारास जातो व आडत्याकडील खाते तुटत नाही. हा उपाय खर्चाचा नाही, त्यास केवळ पेरणीच्या वेळी विचार करावा लागतो.

वांग्याच्या शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीवर औषध निष्प्रभ ठरण्याचे मुख्य कारण हे की, अळी शेंड्याच्या किंवा फळाच्या आत शिरते व औषध बाहेर राहते. फवारे वाढतात, अळी आत सुखरूप असते आणि अंश तेवढा ग्राहकाकडे जातो. येथे सुकलेले शेंडे दर आठवड्यास खुडून नष्ट करणे, किडकी फळे बांधावर न फेकता पुरणे आणि कामगंध सापळे लावणे, ही कामे बाटलीपेक्षा अधिक उपयोगी पडतात. मात्र ती एकट्याने केली तर शेजारच्या शेतातील पतंग येतातच. शिवारातील वांगेवाल्यांनी एका आठवड्यात मिळून केली तर फरक डोळ्यांनी दिसतो. टोमॅटोत झेंडूच्या ओळी, घाटे अळीसाठी एचएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध, कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगासाठी बीटी, पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे, हेही तोड्याच्या दिवसांतील उपाय आहेत. मोनोक्रोटोफॉस मात्र कोणत्याही भाजीवर मारू नये. भाजीपाल्यावर त्यास २००५ पासूनच बंदी आहे.

तोड्यास येणाऱ्या बायकांचा विचार आपण फार कमी करतो. संध्याकाळच्या फवाऱ्यानंतर पहाटे ओल्या झाडांत हात घालून शेंगा तोडतात त्या त्याच. मग त्याच हातांनी न्याहरीची भाकरी मोडतात. ग्राहकाच्या ताटात पोहोचेपर्यंत अंश धुतला जातो, शिजतो, कमी होतो. यांच्या हातांस तो पुरता लागतो. फवारणाऱ्याची स्थिती याहून वाईट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले व शेकडो रुग्णालयात गेले, ही आठवण ताजी आहे.

विकत घेताना

आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहू. सेंद्रिय म्हणून विकला जाणारा माल महाग असतो आणि प्रत्येक वस्तू तशी घेणे सामान्य कुटुंबास परवडत नाही. तसे करण्याची गरजही नाही. कांदा, लसूण, केळी, मक्याचे कणीस, नारळ, लाल भोपळा यांची साल किंवा पापुद्रे आपण टाकून देतो. यांस जास्तीचा पैसा मोजण्यात फारसा अर्थ नाही. जे सालीसकट, पानासकट आणि पुष्कळदा कच्चे खाल्ले जाते, तेथे पैसा खर्चावा: कोथिंबीर, मेथी, पालक, कढीपत्ता, हिरवी मिरची, ढोबळी मिरची, द्राक्षे. भेंडी व वांगी यांनाही याच रांगेत बसवावे, कारण त्यांचे तोडे लागोपाठ असतात. भारतातून जाणाऱ्या भेंडीची व कढीपत्त्याची युरोपीय संघाने वेळोवेळी जादा तपासणी केली आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर प्रथम त्यांच्यासाठी या वस्तू निवडाव्यात.

सेंद्रिय म्हणजे काहीच न फवारलेले, ही समजूत बरोबर नाही. सेंद्रिय शेतीतही निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण, बीटी हे चालते. कृत्रिम रासायनिक औषध चालत नाही. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांच्या जमिनीस साधारण दोन वर्षे व फळबागेस तीन वर्षे रूपांतराचा काळ काढावा लागतो. ‘रेसिड्यू फ्री’ हा शब्द याहून निराळा आहे. त्यात रासायनिक औषध वापरलेले असू शकते, पण काढणीच्या वेळी अंश ठरावीक पातळीखाली आलेला असतो. बांधीव पाकिटावर सेंद्रिय मालाचे अधिकृत चिन्ह पाहावे. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट ग्राहकास विकत असेल तर त्यास चिन्हाची सक्ती नाही. तेथे सरळ विचारावे की, यावर शेवटचे काय मारले व केव्हा मारले. वही दाखविणाऱ्याचा माल घ्यावा, मग त्याने स्वतःस सेंद्रिय म्हटलेले असो वा नसो. आमच्या मते, नुसत्या पाटीवर ‘सेंद्रिय’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘इमामेक्टिन मारून सात दिवस झाले’ असे तारखेसह सांगणारा शेतकरी अधिक भरवशाचा.

बाजारातून आणलेला माल वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवावा. कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढावी. साबण किंवा कपड्याची पावडर मुळीच वापरू नये. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात सफरचंद पंधरा मिनिटे ठेवल्यास पृष्ठभागावरील दोन औषधांचा अंश साध्या पाण्यापेक्षा बराच अधिक निघतो, असे २०१७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्रयोगांत दिसले. पण सालीत खोल शिरलेला अंश सगळा निघाला नाही. धुण्याची मर्यादा ही अशी आहे. मात्र औषधाच्या भीतीने भाजी खाणेच कमी करणे हा सर्वांत वाईट सौदा होय. हंगामातली भाजी घ्यावी, कारण अवेळी पिकविलेल्या मालावर फवारे बहुधा अधिक पडतात. परसात एक शेवगा, दोन वाफे मेथी-कोथिंबीर आणि चार मिरचीची रोपे असली, तर ज्या वस्तूंची चिंता अधिक त्यांतील बऱ्याच घरच्या घरी निघतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने येत्या हंगामात निदान दहा भाजीपाला उत्पादकांकडे फवारणीची वही सुरू करून द्यावी. शंभर पानी साधी वही पुरते. रकाने असे आखावेत: तारीख, शेताचा तुकडा, पीक, कीड, औषधाचे नाव व मात्रा, पत्रकातील प्रतीक्षेचे दिवस, आणि शेवटी ‘या तारखेपूर्वी तोडा नाही’. हा अखेरचा रकाना फवारा झाल्याबरोबर, पंप धुण्यापूर्वी भरावा, व तीच तारीख खडूने गोठ्याच्या दारावर लिहावी, म्हणजे घरात कोणी वाचणारे नसले तरी तोड्यास येणाऱ्या बायका दारावरचा आकडा पाहून विचारतील. निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडावर गळतात. त्या तेव्हाच वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून पोत्यात ठेवाव्यात. वाळलेल्या ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, त्याचे १०० लिटर द्रावण करावे आणि संध्याकाळी फवारावे. अर्क साठवून ठेवू नये, केलेल्या दिवशीच संपवावा.